ऊर्जा लेखापरीक्षकाच्या ‘ओपन बुक’ पेपरला कोणती पुस्तके न्यावीत?

ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी, केंद्र सरकारची ऊर्जा-बचतीची संस्था, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातली बीईई, ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांच्यासाठी जी राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा घेते, तिचे पहिले तीन पेपर आपल्या ओळखीच्या पद्धतीचे आहेत. चौथा मात्र पुस्तके उघडी ठेवून सोडवायचा असतो. व्यवस्थापकाला तीन पेपर पुरतात, लेखापरीक्षक, म्हणजे ऊर्जा कुठे वाया जाते हे मोजून सांगणारा, व्हायचे तर हा चौथाही पदरात पाडून घ्यावा लागतो. पुस्तके नेता येतात म्हटल्यावर या पेपरविषयी उमेदवारांमध्ये एक सुखद गैरसमज पसरलेला असतो, आणि त्या गैरसमजाला मीही बळी पडलो होतो. हा पेपर मी दोनदा दिला. दोन्ही वेळी दोन निराळ्या पिशव्या भरून पुस्तके नेली. त्या दोन पिशव्यांतल्या साहित्याचे हे परीक्षण आहे. मी दिली ती परीक्षा कागदावरची होती. वर्गात काय नेता येईल याचा शेवटचा शब्द त्या त्या वर्षीच्या सूचनापत्रकाचाच समजावा.

आधी पेपरचे स्वरूप, कारण साहित्याची निवड त्यावरच ठरते. मी दिला तेव्हा हा पेपर १०० गुणांचा आणि दोन तासांचा होता. एकेका गुणाचे दहा प्रश्न, पाच गुणांची दोन छोटी उदाहरणे आणि वीस गुणांची चार मोठी उदाहरणे, अशी त्याची मांडणी होती. त्यातल्या शेवटच्या मोठ्या उदाहरणात औष्णिक वीजकेंद्र, सिमेंट, कापड अशा उद्योगांपैकी एकाची निवड करायची मुभा होती. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के लागतात. हिशेब केला तर वीस गुणांच्या उदाहरणाला २४ मिनिटे येतात, आणि बॉयलरची कार्यक्षमता अप्रत्यक्ष पद्धतीने, म्हणजे एकेक तोटा काढून शंभरातून वजा करत, लिहून दाखवायला सराव असलेल्या माणसालाही अठरा ते वीस मिनिटे लागतात. म्हणजे पुस्तक उघडून शोधण्यासाठी एका उदाहरणामागे चार ते सहा मिनिटेच उरतात.

पहिल्या वेळी हा हिशेब मी केला नव्हता. नऊ पुस्तके घेऊन गेलो होतो. परीक्षा केंद्रातला बाक एका विद्यार्थ्यापुरता, त्यावर उत्तरपत्रिका, प्रश्नपत्रिका, प्रवेशपत्र आणि कॅल्क्युलेटर ठेवल्यावर उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा उरली. बाकीची पुस्तके पायाशी, फरशीवर. दर वेळी खाली वाकायचे, पाठीवरचे नाव वाचायचे, हवे ते पुस्तक ढिगाच्या तळाशी निघायचे. हीट एक्स्चेंजरच्या (एका प्रवाहातली उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राच्या) उदाहरणात एक दुरुस्ती-गुणक शोधताना मी तीन पुस्तके चाळली आणि ते वाक्य वाचल्याचे स्पष्ट आठवत असूनही ते कोणत्या पुस्तकात वाचले हे आठवले नाही. शेवटचे उदाहरण अर्धवट राहिले. निकाल आला तेव्हा पहिल्या तीन पेपरांत उत्तीर्ण झालो होतो आणि चौथ्यात ४६ गुण होते.

म्हणून दुसऱ्या वेळी पुस्तक निवडण्याची कसोटीच बदलली. पुस्तकात काय काय आहे हे पाहण्याऐवजी, हवे ते किती सेकंदांत सापडते हे पाहायचे ठरवले. पत्नीने तीस चिठ्ठ्या तयार केल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक गोष्ट: अमुक दाबाच्या वाफेची सुप्त उष्णता, पंख्याच्या शक्तीचे सूत्र, कूलिंग टॉवरमधले बाष्पीभवन, टर्बाइनचा हीट रेट (एक युनिट विजेमागे लागणारी उष्णता). ती चिठ्ठी वाचायची आणि कुकरच्या शिट्ट्यांसाठी घेतलेले घड्याळ लावायची. ज्या पुस्तकात चाळीस सेकंदांच्या आत पान सापडले नाही, ते पुस्तक कितीही विद्वान असो, पिशवीतून बाहेर. पुढचे सगळे अभिप्राय या कसोटीवरचे आहेत.

पहिला मान अर्थातच ब्यूरोच्या स्वतःच्या चार मार्गदर्शक पुस्तकांचा, आणि त्यातही चौथ्याचा. हे पुस्तक याच पेपरसाठी लिहिलेले आहे: बॉयलर, भट्ट्या, सहवीजनिर्मिती (एकाच इंधनातून वीज आणि उष्णता) आणि टर्बाइन, हीट एक्स्चेंजर, मोटारी, पंखे, पंप, कॉम्प्रेसर, वातानुकूलन, प्रकाशयोजना आणि आर्थिक विश्लेषण, अशी एकेक यंत्रणा घेऊन तिची चाचणी कशी करावी, कोणती मोजमापे घ्यावीत आणि त्यावरून कार्यक्षमता कशी काढावी हे त्यात क्रमाने सांगितले आहे. त्याचा खरा गुण असा की त्यातली चिन्हे, एकके आणि सोडवण्याचा क्रम प्रश्नपत्रिकेशी जुळतो. प्रश्नात किलोकॅलरी असते तेव्हा पुस्तकातही किलोकॅलरी असते. पंख्याचा दाब पाण्याच्या मिलिमीटरमध्ये दिला असेल तर पुस्तकातल्या सूत्राच्या छेदातला १०२ तयार असतो. परदेशी ग्रंथ वापरणाऱ्याला हीच गोष्ट रूपांतराच्या दोन पायऱ्या चढून करावी लागते, आणि त्या दोन पायऱ्यांवरच पाय घसरतो. प्रकरणांच्या शेवटी सोडवलेली उदाहरणेही आहेत, आणि परीक्षेतले मोठे उदाहरण बहुतेक वेळा त्यांचेच नात्यातले असते. आकडे निराळे, एखादी अट जास्तीची.

दोषही सांगायला हवेत. आपल्यापैकी बहुतेकांकडे हे पुस्तक ब्यूरोच्या संकेतस्थळावरून प्रकरणवार उतरवून घेतलेल्या फाइलींच्या झेरॉक्सच्या रूपात असते, आणि अशा प्रतीला शेवटी सूची नसते. आशयाची सूची नसलेले संदर्भपुस्तक म्हणजे पाट्या नसलेली बाजारपेठ. रोज जाणाऱ्याला अडत नाही, नवख्याला पत्ता विचारावा लागतो, आणि परीक्षेत तर विचारायलाही कोणी नसते. दुसरा दोष सूक्ष्म आहे पण त्याने मला चांगलेच छळले. इंधन जाळायला लागणाऱ्या सैद्धांतिक हवेच्या सूत्रात कार्बन, हायड्रोजन आणि गंधकाचे गुणक काही ठिकाणी ११.६, ३४.८ आणि ४.३५ असे छापलेले आढळतात, तर काही ठिकाणी ११.४३, ३४.५ आणि ४.३२ असे. दोन्ही बरोबर आहेत. हवेतल्या ऑक्सिजनचे वजनी प्रमाण २३ टक्के धरले की पहिला संच मिळतो, त्याहून किंचित जास्त धरले की दुसरा. ८५ टक्के कार्बन, १२ टक्के हायड्रोजन आणि ३ टक्के गंधक असलेले तेल घेतले, तर एका किलोला पहिल्या संचाने १४.१७ किलो हवा येते आणि दुसऱ्याने १३.९९. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास. कार्यक्षमतेच्या उत्तरात तो फारसा जाणवतही नाही. पण ऐन परीक्षेत दोन पानांवर दोन निराळे आकडे दिसले की हात थबकतो, आणि त्या थबकण्याची किंमत मिनिटांत मोजावी लागते. मी पहिला संच ठरवून घेतला आणि दुसरा जिथे जिथे होता तिथे पेन्सिलने लिहून ठेवले: ‘हेही चालते, पण आपण वापरायचे नाही.’

चौथे पुस्तक एकटे पुरत नाही, ही गोष्ट पहिल्या वेळी उमगली होती. पण त्यावरचा माझा तेव्हाचा उपाय, म्हणजे चारही पुस्तके उचलून नेणे, चुकीचा होता. दुसऱ्या पुस्तकातले इन्सुलेशनचे प्रकरण हवेच. तापलेल्या पृष्ठभागावरून दर चौरस मीटरमागे तासाला किती किलोकॅलरी जातात याचे सोपे सूत्र त्यात आहे: तापमानातल्या फरकाला २० ने भागायचे, त्यात १० मिळवायचे आणि आलेल्या आकड्याला पुन्हा त्याच फरकाने गुणायचे. पृष्ठभाग १२० अंशांवर आणि सभोवताल ३५ अंशांवर असेल तर उत्तर सुमारे १,२११ येते. हे सूत्र पृष्ठभागाचे तापमान २०० अंशांपर्यंत असतानाच वापरायचे, ही अट त्याच्या शेजारीच लाल शाईने लिहून ठेवावी. तिसऱ्या पुस्तकातले कूलिंग टॉवरचे प्रकरणही असेच अपरिहार्य. बाष्पीभवनाने जाणारे पाणी म्हणजे ०.०००८५ गुणिले १.८ गुणिले फिरणारे पाणी गुणिले तापमानातली घट. तासाला १,००० घनमीटर पाणी ८ अंशांनी थंड होत असेल तर १२.२४ घनमीटर. हा गुणक पाठ करण्याच्या लायकीचा नाही आणि अंदाजाने लिहिता येण्यासारखाही नाही. तो फक्त सापडला पाहिजे. पहिल्या पुस्तकातून वस्तुमान आणि ऊर्जेच्या ताळेबंदाचे प्रकरण घेतले. असे मिळून तीन पुस्तकांतली सात प्रकरणे मी चौथ्याच्या मागे जोडली आणि मूळ तीन पुस्तके घरी ठेवली.

आता बाइंडिंग. हा विषय परीक्षणात क्षुल्लक वाटेल, वाटू द्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात झेरॉक्स आणि बाइंडिंगची दुकाने एकाला लागून एक आहेत, आणि त्यातल्या एका दुकानात मी पहिल्या वेळी चौथ्या पुस्तकाची पाठपोट झेरॉक्स काढून स्पायरल करून घेतली होती. दुकानदाराने जाडीच्या मानाने बारीक स्प्रिंग घातली. दोन महिन्यांच्या अभ्यासात मधली पाने भोकांपाशी फाटू लागली, आणि परीक्षेच्या दिवशी कॉम्प्रेसरच्या प्रकरणाची चार पाने पिशवीत सुटी झालेली सापडली. सुटे कागद घेऊ देतील की नाही या धास्तीने मी ती वर्गाबाहेरच ठेवली. स्पायरलचा फायदा खरा आहे, वही पूर्ण उलटी दुमडता येते आणि बाकावर निम्मी जागा लागते. पण दीडशे पानांच्या वर गेले की तो फायदा संपतो. दुसऱ्या वेळी मी पुस्तकाचे दोन भाग केले, एक उष्णतेचा आणि एक विजेचा, आणि दोन्हींना जाड पुठ्ठ्याचे शिवलेले बाइंडिंग करून घेतले. प्रकरणांच्या कडांना कापडी पट्ट्या चिकटवल्या. बाजारात मिळणाऱ्या रंगीत चिकटचिठ्ठ्या दिसायला छान असतात, पण पिशवीत घातल्या की वळतात आणि आठवड्यात गळतात. चांभाराकडे मिळणारी कापडी चिकटपट्टी मात्र अजून जागेवर आहे.

वाफेची कोष्टके, म्हणजे स्टीम टेबल, हे या पेपरचे दुसरे अनिवार्य साहित्य. पातळ पुस्तिका असते, स्वस्त असते, आणि म्हणूनच लोक ती निवडताना विचार करत नाहीत. विचार करण्यासारख्या गोष्टी दोन. पहिली एककांची. जुन्या पद्धतीच्या कोष्टकात दाब किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये आणि उष्णता किलोकॅलरीमध्ये असते. नव्यात बार आणि किलोज्यूल. महाविद्यालयात आपण नवे वापरलेले असते, आणि हात त्यालाच सरावलेला असतो. पण ज्या पेपरात इंधनाचे उष्मांकमूल्य किलोकॅलरीत येते, तिथे किलोज्यूलचे कोष्टक वापरणाऱ्याला दर वेळी ४.१८७ ने भागावे लागते, आणि दहा वेळा भागताना एकदा विसरायला होतेच. मी दोन्ही कोष्टके घरी पारखली आणि जुन्या एककांचे नेले. ज्याला ते मिळणार नाही त्याने नवे घ्यावे, पण पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ४.१८७ लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट गेज आणि अ‍ॅब्सोल्यूट दाबाची. आमच्या कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये एक जुने अटेंडंट आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. मी शिफ्ट संपल्यावर तिथे बसून अभ्यास करत असे. एकदा त्यांनी माझ्या खांद्यावरून कोष्टकात डोकावून विचारले, “साहेब, आपला काटा दहा दाखवतोय, मग तुम्ही पुस्तकात अकराच्या ओळीत काय बघताय?” प्रश्न अगदी मुळावरचा होता. काटा वातावरणाच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो. कोष्टक निर्वाताच्या शून्यापासून मोजते. काट्यावर १० असताना अकराच्या ओळीत सुप्त उष्णता सुमारे ४७८ किलोकॅलरी मिळते, चुकून दहाच्या ओळीत पाहिले तर सुमारे ४८२. हा फरक खपून जाईल. पण काट्यावर १ असताना चूक झाली तर वाफेचे तापमान १२० ऐवजी ९९ अंश मिळते, आणि फ्लॅश स्टीमचे (दाब उतरताच तापलेल्या पाण्यातून सुटणाऱ्या वाफेचे) अख्खे उदाहरण कोलमडते. काही कोष्टकांत दाबाच्या स्तंभावर नुसते ‘दाब’ असे छापलेले असते. गेज की अ‍ॅब्सोल्यूट, काही पत्ता नाही. अशी प्रत घेऊच नये. दुकानात उभ्या उभ्या पारखण्याची युक्ती सोपी आहे: १०० अंशांची ओळ काढायची आणि तिथे दाब एकच्या जवळ आहे की शून्याच्या, ते पाहायचे. एकच्या जवळ असेल तर अ‍ॅब्सोल्यूट. काकांनी ही युक्ती ऐकल्यावर ‘मग छापायला काय जड होतं त्यांना’ असे म्हटले, आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

खासगी क्लासच्या नोट्सविषयी माझे मत तिखट आहे. मी एका क्लासच्या नोट्स विकत घेतल्या होत्या. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण नंतर मित्रांकडे पाहिलेल्या इतरांच्या नोट्सही साधारण तशाच होत्या. छपाई सुबक, सूत्रे चौकटीत, चित्रे रंगीत. पण बॉयलरच्या एका उदाहरणात फ्लू गॅसचे, म्हणजे धुराड्यातून जाणाऱ्या वायूचे, वस्तुमान ‘दिलेली हवा अधिक एक किलो इंधन’ असे सरळ धरले होते, आणि पुढच्याच उदाहरणात कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, ऑक्सिजन वगैरे घटक वेगवेगळे काढून फक्त कोरड्या वायूचे वस्तुमान घेतले होते. दोन पद्धती का, कोणती केव्हा, याविषयी चकार शब्द नाही. फरक नेमका काय पडतो हे मी नंतर स्वतः काढून पाहिले. तेलात १२ टक्के हायड्रोजन असेल तर एका किलोमागे १.०८ किलो पाणी तयार होते. पहिल्या पद्धतीत ते पाणी कोरड्या वायूच्या तोट्यात एकदा आणि हायड्रोजनच्या तोट्यात पुन्हा एकदा मोजले जाते. वायूचे तापमान २२० अंश, हवेचे ३० अंश आणि उष्मांकमूल्य किलोमागे १०,२०० किलोकॅलरी धरले तर ही दुहेरी मोजणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास जाते. प्रत्यक्ष ऑडिटमध्ये आपण एवढ्याच अर्ध्या टक्क्यासाठी मालकाला लाखभर रुपयांचा एअर प्रीहीटर (धुराच्या उष्णतेने हवा तापवणारे यंत्र) सुचवत असतो. त्यामुळे ज्यांना शून्यापासून सुरुवात करायची आहे त्यांनी नोट्स अभ्यासाला जरूर घ्याव्यात, पण त्यातले प्रत्येक उदाहरण ब्यूरोच्या पुस्तकाशी ताडून पाहावे. परीक्षेच्या बाकावर मात्र त्यांना जागा नाही.

मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांची उत्तरे हे साहित्य मी पहिल्या वेळी फक्त वाचले होते आणि दुसऱ्या वेळी सोडवले. त्या दोन क्रियापदांत जे अंतर आहे तेच ४६ पासून उत्तीर्ण होण्यापर्यंतचे होते, असे म्हटले तरी चालेल. मी दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतली मोठी उदाहरणे शंभर पानी वहीत स्वतःच्या हाताने, प्रत्येक पायरी आणि प्रत्येक एकक लिहून सोडवली, आणि ती वही वर्गात नेली. छापील उत्तरे नेली नाहीत. कारण असे की हाताने सोडवलेल्या उदाहरणाचे पान डोळ्यांना आठवते: डाव्या पानावर, खाडाखोड झालेले, चहाचा डाग पडलेले. चिठ्ठ्यांच्या चाचणीत या वहीला सरासरी पंधरा सेकंद लागले, छापील उत्तरांच्या गठ्ठ्याला मिनिटाच्या वर. छापील उत्तरांत टंकलेखनाच्या चुकाही भेटतात. एका ठिकाणी घनमीटर प्रति तासाचे प्रति सेकंद करताना ३,६०० ने भागायचे राहून गेले होते आणि अंतिम उत्तर मात्र बरोबर होते. अशा चुका सोडवताना लक्षात येतात, नुसत्या वाचण्यात सुटतात. निवडीच्या शेवटच्या उदाहरणासाठी मी औष्णिक वीजकेंद्र आधीच ठरवून टाकले होते, म्हणून त्याच प्रकारची उदाहरणे वहीच्या शेवटी एकत्र लिहिली. सिमेंटच्या भट्टीचा उष्णता-ताळेबंद ज्यांच्या रोजच्या कामातला आहे त्यांनी अर्थात तोच धरावा. ऐन वर्गात चारही पर्याय वाचून निवड करणे ही चैन मात्र परवडत नाही.

यांत्रिकी आणि रासायनिक अभियांत्रिकीची ती विटेएवढी जाड हँडबुके घरी राहू द्यावीत. त्यात सर्व काही आहे, हीच अडचण आहे. चाचणीत त्यांनी तीन मिनिटांच्या खाली एकही पान दिले नाही. सायक्रोमेट्रिक चार्ट, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचा आणि उष्णतेचा तक्ता, एक न्यावा, घडी न घालता पुठ्ठ्याला चिकटवून; बहुतेक उदाहरणांत एन्थाल्पी (हवेतली एकूण उष्णता) दिलेलीच असते, पण नसली तर अडायला नको. हा चार्ट समुद्रसपाटीच्या दाबासाठी काढलेला असतो, आणि पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने आपल्याच कारखान्यातल्या मोजमापांना तो तंतोतंत लागू होत नाही, ही बाब परीक्षेबाहेर लक्षात ठेवण्यासारखी आहे. वर्तमान मूल्याची (पुढच्या वर्षांतल्या पैशाच्या आजच्या किमतीची) कोष्टके नेण्याची गरज नाही. १० टक्के दराने पाच वर्षांचा गुणक ३.७९१ येतो आणि तो साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात काढता येतो. कॅल्क्युलेटर प्रोग्रॅम न करता येणारा असावा आणि तो रोजच्या वापरातला असावा. परीक्षेसाठी नवा घेतलेला कॅल्क्युलेटर म्हणजे लग्नासाठी घेतलेले नवे बूट. हीट एक्स्चेंजरच्या उदाहरणात नैसर्गिक लॉगऐवजी दहाच्या पायाचे लॉगचे बटण दाबून मोकळा झालेला माझा एक सहकारी अजून स्वतःला दोष देतो.

राहिली ती स्वतः लिहिलेली सोळा पानी पुस्तिका. हीच माझी सर्वांत वरची शिफारस आहे, आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नाही याला माझा इलाज नाही. पहिल्या पानावर रूपांतरे: एक किलोवॉट-तास म्हणजे ८६० किलोकॅलरी, एक टन प्रशीतन म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी किंवा ३.५१७ किलोवॉट, एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.९८१ बार. पुढच्या बारा पानांवर यंत्रणेगणिक एकेक पान: वर सूत्र, खाली प्रत्येक चिन्हाचे एकक, आणि समासात मराठीत इशारे. ‘इथे जादा हवा काढताना २१ मधून ऑक्सिजन वजा.’ ‘पंपाच्या उदाहरणात मोटारीची कार्यक्षमता वेगळी दिली आहे का पाहा.’ ‘वरचे उष्मांकमूल्य की खालचे?’ प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, पुस्तके इंग्रजीत असतात, पण घाईत स्वतःला दटावायचे तर ते मायबोलीतच लागू पडते, असा माझा अनुभव आहे. शेवटच्या तीन पानांवर सूची: वर्णक्रमाने विषय, समोर ‘उष्णता’ किंवा ‘वीज’ हे भागाचे नाव, आणि पान क्रमांक. ब्यूरोच्या पुस्तकाला नसलेली सूची ती हीच. ती तयार करायला मला तीन रविवार लागले, आणि तयार होईपर्यंत त्यातला निम्मा भाग पाठच झाला होता.

दुसऱ्या वेळी बाकावर एवढेच होते: चौथ्या पुस्तकाचे दोन भाग, जुन्या एककांचे स्टीम टेबल, उदाहरणांची वही, पुठ्ठ्यावरचा चार्ट आणि ही पुस्तिका. फरशीवर काहीही नव्हते. स्टीम टेबल चार वेळा उघडले, पुस्तिका सतत उघडी होती, उदाहरणांची वही दोनदा, आणि ब्यूरोचे पुस्तक, ज्याच्या बाइंडिंगवर एवढा खर्च केला होता, ते दोन तासांत फक्त तीनदा. माझ्या शेजारच्या रांगेत एक गृहस्थ प्रवासाची चाकांची बॅग घेऊन आले होते. पहिल्या अर्ध्या तासात तिची चेन मी सहा वेळा ऐकली. पुढे ऐकू येईनाशी झाली, ती त्यांनी उघडायची थांबवली म्हणून की माझे लक्ष राहिले नाही म्हणून, ते सांगता येत नाही.

आज या साहित्याची अवस्था अशी आहे. जाड हँडबुके कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत. क्लासच्या नोट्स रद्दीत गेल्या. ब्यूरोच्या पुस्तकाचा उष्णतेचा भाग माझ्या टेबलावर असतो आणि ऑडिटच्या वेळी खरोखरच उपयोगी पडतो. विजेचा भाग एका कनिष्ठ सहकाऱ्याने परीक्षेसाठी नेला आहे. स्टीम टेबल बॉयलर हाउसमध्ये खिळ्याला सुतळीने टांगलेले आहे, आणि त्यातल्या दाबाच्या स्तंभावर काकांनी निळ्या बॉलपेनने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: ‘काट्यात एक मिळवा.’